नागपुरातलं लॉन आणि बाग: कोणतं काम कधी करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहर आणि भोवतालच्या ले-आउटमधल्या घरगुती बागांसाठी ही माहिती आहे. महिने दिले आहेत, पण महिना फक्त अंदाजाला. हात लावण्याआधी माती बघायची. काळ्या मातीत चुकीच्या दिवशी केलेलं काम पुढचे तीन-चार महिने त्रास देतं.

पुण्याचं किंवा दिल्लीचं वेळापत्रक इथे का चालत नाही?

पुण्याच्या मे महिन्यात झाडं वाढत राहतात. नागपुरात एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ती फक्त तग धरतात, कारण पारा ४३-४५ अंशांवर असतो आणि लू चालते. दिल्लीला कडाक्याची थंडी पडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात, पण दुपारी ऊन चांगलं असतं, म्हणून हिवाळी फुलं इथे छान येतात. पाऊस साधारण १०००-११०० मिमी, आणि त्यातला बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. थोडक्यात, वाढीचे काळ दोन: जुलै ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी. लावणी, खत, छाटणी या दोन काळांच्या सुरुवातीला बसवायची. उन्हाळ्यात पाणी, सावली आणि आच्छादन, एवढंच.

वापसा आला हे कसं ओळखायचं?

वापसा म्हणजे माती ना फार ओली, ना कोरडी, काम करण्याजोगी असणं. वरची माती बघून निर्णय घेऊ नका, ती एका उन्हात सुकते. खुरपीने ४ इंच खाली जा, तिथली मूठभर माती घेऊन दाबा आणि गोळ्यावर अंगठा टेकवा. गोळा चकाकला आणि अंगठ्याचा ठसा तसाच राहिला, तर माती ओली आहे, अजून थांबा. गोळा फुटून दाणेदार ढेकळं पडली, तर वापसा आहे. गोळा वळतच नसेल, तर माती कोरडी झाली आहे, आधी हलकं पाणी द्या आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासा.

ओल्या काळ्या मातीत खणलं, रोलर फिरवला किंवा नुसते चाललात तरी तिच्यातली हवेची पोकळी बंद होते. सुकल्यावर तिथे दगडासारखं ढेकूळ बनतं आणि मुळं त्यात शिरत नाहीत. जोरदार पाऊस थांबल्यावर वापसा यायला भारी जमिनीत चार-पाच दिवस लागतात, मुरमाड जमिनीत दीड-दोन दिवस पुरतात.

नवीन लॉन लावायचं आहे. सर्वांत चांगली वेळ कोणती?

जुलैचा पहिला ते तिसरा आठवडा. मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच लावण्याचा मोह होतो, तो टाळा. त्या पावसाने मातीतलं तणाचं बी उगवतं. दहा-बारा दिवसांनी निंदण करा, पुन्हा उगवलं की पुन्हा काढा, आणि मग गवत लावा. या दोन निंदण्या चुकवल्या तर तण पुढे वर्षभर हाताने उपटत बसावं लागतं.

लावण्याआधीचं काम मे महिन्यातच उरकायचं:

- ८-१० इंच खोल खणून दगड, विटांचे तुकडे, बांधकामाचा मलबा काढणे.
- दर १० फुटांना सव्वा इंच उतार देणे, घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. सपाट लॉनमध्ये ऑगस्टात पाणी साचतं आणि मुळं कुजतात.
- दीड-दोन इंचांचा कुजलेल्या शेणखताचा थर वरच्या ६ इंचांत मिसळणे. कच्चं शेण टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात.

काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून तिच्यात थोडी रेती मिसळतात. थोड्या रेतीने माती उलट आवळते. फरक पडावा इतकी रेती घालायची तर ती निम्म्याच्या आसपास लागते, आणि घरगुती लॉनला तो खर्च परवडत नाही. तो पैसा शेणखतावर घाला.

दाबणी करावी की तयार कार्पेट आणावं?

ऊन भरपूर असेल तर हरळीच्या जातीची दाबणी, म्हणजे गवताचे तुकडे मातीत दाबून लावणं. तीन-चार पेरांचे तुकडे, ३-४ इंच अंतर, दीड इंच खोल, टोक बाहेर. पाऊस नियमित असेल तर सहा ते आठ आठवड्यांत जमीन झाकते. मेक्सिकन कार्पेट हे गवत दिसायला सुंदर आहे, पण मेच्या उन्हात त्याला जास्त पाणी लागतं आणि उघड्यावर ते करपतं. दुपारनंतर सावली असलेल्या छोट्या अंगणाला ते ठीक. गवताचे तयार चौकोन आणायचे तर जुलैत किंवा फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये कोणी लावून देत असेल तर नाही म्हणा, कापलेल्या मुळांना त्या उन्हात सावरायला वेळच मिळत नाही.

कटाई किती दिवसांनी?

जुलै-सप्टेंबरात दर ५-७ दिवसांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात १०-१२ दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा पुरते. उंची पावसाळ्यात दीड इंच, मार्चपासून दोन इंच, कारण उंच पात्यांची सावली मुळांवर पडते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त कापायचं नाही. सततच्या पावसात गवत हातभर वाढलं तर एकदम खाली आणू नका, तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीन कटाया करा. एकदम कापलं की खालचे पांढरट दांडे उघडे पडतात आणि पहिल्याच उघडिपीत भाजतात.

कापल्यावर दुसऱ्या दिवशी टोकं पांढरी, चिरफाळलेली दिसत असतील तर पातं बोथट आहे. जूनच्या सुरुवातीला एकदा आणि दसऱ्याला एकदा धार लावून घ्या.

मे महिन्यात लॉनला पाणी किती आणि कधी?

हिशेब सोपा आहे: एका चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. उन्हातल्या हरळीला मेमध्ये रोज ५-६ मिमी लागतं. १००० चौरस फुटांच्या लॉनला रोजचे साधारण ५०० लिटर, म्हणून दिवसाआड १००० लिटर द्या. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच्या इंचभरात राहतात आणि दुपारी होरपळतात. पाइपमधून किती येतं ते १५ लिटरच्या बादलीने मोजा. बादली मिनिटात भरत असेल तर १००० लिटरला तासाहून थोडं जास्त लागेल. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून दोन पाळ्या करा, मधे अर्धा तास. वेळ पहाटे ५ ते ७. संध्याकाळी तापलेल्या जमिनीवर दिलेलं पाणी बरंच वाफ होऊन जातं.

एवढं पाणी नसेल तर हरळीला पिवळी पडू द्या. ती मरत नाही. दहा-बारा दिवसांतून एकदा खोल पाणी मिळालं तरी खोड जिवंत राहतं, आणि पावसानंतर दोन आठवड्यांत हिरवं होतं. पिण्याच्या पाण्याची ओढ असताना लॉन हिरवं ठेवण्याचा आग्रह धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कूलरचं उरलेलं पाणी झाडांना चालतं का?

तसंच्या तसं नको. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार टाकीत उरतात. दिवसांमागून दिवस वर पाणी भरत गेल्यावर ते घट्ट होत जातात, बोअरचं पाणी असेल तर आणखी लवकर. टाकीच्या कडेला पांढरा थर दिसतोच. हे पाणी कुंडीत गेलं की पानांच्या कडा तपकिरी होतात आणि मातीवर पापुद्रा धरतो. चौपट साधं पाणी मिसळून ते बोगनवेल, कण्हेर, कडुनिंब अशा काटक झाडांना जमिनीत द्या. गुलाब, शेवंती, लिंबू-संत्रा आणि सगळ्या कुंड्यांना टाळा. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही हेच लागू.

जमिनीला भेगा पडल्या आहेत. काय करावं?

भेग पडताना बारीक मुळं तुटतात. शिवाय दिलेलं पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि वरची माती कोरडीच राहते. भेगांत चाळलेलं शेणखत आणि माती निम्मी-निम्मी भरा, वरून हलकं पाणी द्या, दोन दिवसांनी उरलेली फट पुन्हा भरा. झाडांच्या आळ्यात ३ इंच वाळक्या पानांचं आच्छादन फेब्रुवारीअखेर घातलं तर भेगा पडायचं प्रमाणच घटतं. खोडाला चिकटवून घालू नका, चार बोटं जागा सोडा.

पावसाळ्याआधी नेमकं काय उरकायचं?

नवतपा (२५ मेपासूनचे नऊ दिवस) ते मृग, या पंधरवड्यात:

- झाडांसाठी २ फूट × २ फूट × २ फूट खड्डे. खरं तर एप्रिलमध्येच खणून उन्हात तापू दिले तर उत्तम.
- गच्चीच्या आणि अंगणाच्या पन्हाळी, नाल्या साफ.
- कुंड्यांची तळाची भोकं मोकळी, खालच्या ताटल्या उचलून ठेवा. पावसाळ्यात त्यांत डासच होतात.
- वाळलेल्या, मोडक्या फांद्या उतरवणे. तारांजवळच्या फांद्यांना स्वतः हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

झाड तोडायचं किंवा मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी अंगणातल्या झाडांनाही लागू आहे.

रोपं मात्र पहिल्या सरीला लावू नका. एकूण ७५-१०० मिमी पाऊस होऊन माती फूटभर भिजली की लावा. त्याआधी लावलेली रोपं पावसाने दहा-बारा दिवसांची ओढ दिली की माना टाकतात.

लॉनचे चट्टे सुकतात आणि ओढलं की गवत सतरंजीसारखं उचललं जातं. हे काय?

हुमणी. तिची इंग्रजी ‘सी’ आकाराची पांढरी अळी गवताची मुळं खाते. नुकसान ऑगस्ट-सप्टेंबरात दिसतं, पण उपाय जूनमध्ये सुरू होतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पानांवर बसतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात टाका. हे गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच जाणवण्याइतका फरक पडतो, कारण शेजारच्या कडुनिंबावरचे भुंगेरे तुमच्याच लॉनमध्ये अंडी घालतात.

पोळ्याच्या सुमारास फूटभर चौकोन तीन इंच खोल उचलून बघा. पाच-सहापेक्षा जास्त अळ्या निघाल्या तर मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी चाळलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी, ओल्या जमिनीवर टाका. मात्रा पाकिटावरची. कोरड्या मातीत आणि भर उन्हात ती मरते, म्हणून मेमध्ये टाकून उपयोग नाही. बगळे आणि साळुंक्या एकाच चट्ट्यावर चोच मारत असतील तर आधी तिथे खणा.

लव्हाळा कितीही उपटला तरी परत येतो.

उपटल्यावर पाती तुटते, गाठ खाली राहते. आणि गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक तुटली की शेजारच्या फुटतात. पावसाळ्यात खुरपीने ६ इंच खोल जाऊन गाठीसकट काढा. मोकळ्या वाफ्यात मात्र खरी संधी एप्रिल-मेची: पाणी बंद करून माती खणून उलटी करा, गाठी वर येऊन उन्हात सुकू द्या, आठ दिवसांनी पुन्हा उलटी करा. सुकलेली गाठ फुटत नाही. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटा. अनेकांना त्याची ॲलर्जी असते.

लॉनला खत आणि मातीचा थर कधी?

युरिया १००० चौरस फुटांना एका वेळी ९०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. एकदा जुलैत पहिल्या कटाईनंतर, एकदा सप्टेंबरच्या सुरुवातीला, एकदा फेब्रुवारीअखेर. पाती कोरडी असताना फेका आणि लगेच भरपूर पाणी द्या. दाणा पानावर राहिला तर तिथे जळका ठिपका पडतो. मुसळधार पावसाच्या आदल्या दिवशी टाकलेलं खत नालीत जातं. ऑक्टोबरात १०० किलो चाळलेलं गांडूळखत पुरतं. डिसेंबर-जानेवारी आणि एप्रिल-मे, काहीही टाकू नका.

खाचखळगे भरायचा पाव इंचाचा थर जुलैत किंवा फेब्रुवारीअखेर, गवत वाढत असताना. १००० चौरस फुटांना साधारण २१ घनफूट लागतात, म्हणजे ब्रासचा पाचवा भाग, सिमेंटच्या १७-१८ चुंगड्या (पोती). थर पसरल्यावर पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. जाड थरात गवत गुदमरतं.

डिसेंबरात लॉन तपकिरी पडलं. रोग आहे का?

बहुधा नाही. रात्री गार झाल्या की हरळी थांबते. चट्टा न पडता सगळं सारखंच फिकं झालं असेल तर आठवड्यातून एकदा पाणी द्या आणि थांबा. फेब्रुवारीत परत हिरवं होतं.

गुलाबाची छाटणी कधी?

पाऊस परतल्यावर, साधारण ५ ते २५ ऑक्टोबर. कोजागिरी बहुतेक वर्षी याच सुमारास येते, म्हणून ती खूण म्हणून लक्षात ठेवायला सोपी. सप्टेंबरात कापलं तर ओल्या हवेत कापाच्या जागेवरून फांदी काळी पडत खाली येते. नोव्हेंबरअखेर कापलं तर मार्चच्या तापाआधी एकच बहर हाती लागतो.

आठवडाभर पाणी कमी करा. चार ते सहा जोमदार फांद्या ठेवून बाकीच्या बुडातून काढा, ठेवलेल्या दीड-दोन फुटांवर कापा. काप बाहेर वळलेल्या डोळ्याच्या (कोंबाच्या) अगदी वर, तिरपा. कापाचा मधला भाग तपकिरी दिसला तर पांढरा-हिरवट लागेपर्यंत खाली कापत जा. प्रत्येक कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची लापशी लावा. मग ४-५ किलो शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि पाणी. फुलं ४५-५० दिवसांनी.

मोगऱ्याला पानंच येतात, फुलं नाहीत.

त्याला ताण मिळत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा, जानेवारीच्या मध्याला एक-सव्वा फुटावर छाटा, उरलेली पानं काढा, आठवड्याने शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चमध्ये कळ्या लागतात. लॉनच्या फवाऱ्याचं पाणी ज्या मोगऱ्यावर रोज पडतं, तो फुलत नाही.

हंगामी फुलांचं बी कधी टाकायचं?

झेंडू दसऱ्याला हवा तर जुलैच्या मध्याला, दिवाळीला हवा तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. वाफे ८-१० इंच उंच करा, नाहीतर मूळकूज ठरलेली. शेवंतीचे फुटवे जून-जुलैत लावा आणि शेंडे खुडणं ऑगस्टअखेर थांबवा. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते, त्यानंतर खुडलं तर कळ्याच जातात. पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस १५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबरदरम्यान ट्रेमध्ये. पिटुनियाचं बी मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. उन्हाळ्यासाठी झिनिया, गॅलार्डिया, ऑफिस टाइम (पोर्टुलाका) फेब्रुवारीत.

सांबार (कोथिंबीर) ऑक्टोबर ते फेब्रुवारी, धणे रगडून दोन फाके करून, रात्रभर भिजवून, दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा. मेथी-पालकही तेव्हाच.

अंगणात संत्र्याचं एकच झाड आहे. त्याचं वर्ष कसं असतं?

लॉनच्या मधोमध लावलेलं संत्र्याचं झाड फार वर्षं टिकत नाही. लॉनला सतत पाणी लागतं आणि संत्र्याच्या खोडाला ओल अजिबात चालत नाही. ओल्या खोडाशी फायटोफ्थोरा बुरशी लागते, साल फुटते, डिंक वाहतो. हाच डिंक्या. म्हणून दुहेरी आळं करा: खोडाभोवती मातीचा कोरडा उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचं आळं. लावताना कलमाचा जोड जमिनीपासून किमान ६ इंच वर राहिला पाहिजे.

बोर्डो मलम १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात बनतं. एका झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर भरपूर झालं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. मेअखेर एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा, खोडाला ३ फुटांपर्यंत लावा.

घरच्या झाडाला आंबिया बहार (हिवाळ्याअखेर येणारी फुलं) धरा. डिसेंबरमध्ये पाणी तोडा. भारी जमिनीत महिना ते दीड महिना ताण लागतो, हलक्या जमिनीत कमी. पानं मलूल होऊन काही गळू लागली की ताण बसला. मग शेणखत, पहिलं पाणी हलकं, दुसरं पूर्ण. फळं ऑक्टोबर-डिसेंबरात. मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांसाठी) मेच्या उन्हात झाड पाण्याविना ठेवावं लागतं, आणि एकुलत्या एका झाडावर ती जोखीम घेऊ नये.

पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. लोह कमी आहे का?

नवीन पानांवर असेल तर हो. आपल्या चुनखडीयुक्त मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही, आणि पाणी साचलं की आणखी वाढतं. आधी निचरा सुधारा. मग १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता, तिथे लोह फवारून काही होणार नाही.

मेमध्ये आठ दिवस गावाला जायचं आहे. कुंड्या जगतील का?

जगतील, तयारी आधीच्या पंधरवड्यापासून करा. शेवटच्या पंधरा दिवसांत खत आणि छाटणी बंद. सगळ्या कुंड्या उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीशी एकमेकींना खेटून जमिनीवर ठेवा, मोठ्या बाहेर, लहान आत. गच्चीवरच्या खाली आणा, तापलेल्या स्लॅबवर मुळं शिजतात. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, झाडांपासून दीड-दोन फूट उंच, म्हणजे हवा खेळते. मातीवर दोन इंच नारळाचा भुसा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या पहाटे, दोनदा तळातून पाणी निघेपर्यंत द्या. ८ इंचांपेक्षा लहान कुंड्या मात्र आठ दिवस काढणार नाहीत. त्या शेजाऱ्यांकडे द्या किंवा टायमर लावलेलं ठिबक बसवा, आणि टायमर जायच्या आधी चार दिवस चालवून बघा.